पाटीवरची मोकळी जागा

निवृत्तीनंतर काकांना सुंदर अक्षरांचं वेड लागलं. अक्षराला श्वास घ्यायला मोकळी जागा लागते, असं कुठेसं वाचल्यापासून ते औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही नाक मुरडूनच वाचत!

काकूंचं शिवणकामाचं दुकान होतं. दारावरची पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली. लाल-हिरवी अक्षरं, चारही कोपऱ्यांत फुलं, मध्ये कात्री आणि जागा संपल्यामुळे खाली घसरलेलं शेवटचं अक्षर.

"अगं, ही पाटी आहे की भाजीबाजार?" काका म्हणाले. "वाढदिवसाला अशी पाटी देतो, की गल्ली थबकून बघेल!"

गल्ली खरंच थबकली. टेबलाएवढी पांढरीशुभ्र पाटी आणि मधोमध बारीक, राखाडी अक्षरांत एकच शब्द: शिवणकाम.

"छान आहे हो," काकू म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी एक आजोबा आत आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी आ वासला. "डावीकडची दाढ!" काकू कात्री घेऊन वळल्या मात्र, आजोबांची दाढ जागच्या जागी बरी झाली! नेहमीची गिऱ्हाइकंही दवाखाना समजून बाहेरूनच परतू लागली. मशीन गप्प झालं.

"काय म्हणतात लोक पाटीबद्दल?" काका रोज विचारत.

"बघतच राहतात," काकू सांगत.

एके दुपारी काका डबा घेऊन आले, तर काकू भर उन्हात दारात उभ्या! हातात फुलाफुलांचा फ्रॉक उंच धरून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "या ना, दुकान चालू आहे!" काकांना पाहताच त्यांनी फ्रॉक पाठीमागे लपवला.

काकांनी डबा पायरीवर टेकवला. "बोलली का नाहीस गं?"

"इतक्या हौसेनं केलीत. मन कसं मोडायचं?"

काकांनी त्याच संध्याकाळी जुनी पाटी परत लावली. घसरलेलं अक्षर सरळ करायला हात शिवशिवत होते, पण त्यांनी ते खिशात घातले. पांढरी पाटी उचलून ते भंगारवाल्याकडे निघाले.

"थांबा!" काकूंनी ती काढून घेतली, टेबलावर आडवी ठेवली आणि तिच्यावर कापड पसरलं. "कापड बेतायला अशी गुळगुळीत जागा मला कधीची हवी होती. मोकळी जागा लागते, हे तुमचं खरंच आहे हो!"

"उलटी तरी ठेव. अक्षरं मध्ये येतील."

"येऊ देत. कापड उचललं की दिसतील मला."

काकांना भरून आलं. लगेच उत्साहही आला. "मग पुढच्या वाढदिवसाला..."

"केक आणा," काकू म्हणाल्या. "आणि त्याच्यावर काही लिहू नका!"