उशिरा यायचा तास

आमच्या कॉलेजात मुलांना उशिरा यायला शिकवतात. म्हणजे कॉलेज शिकवत नाही, सानप सर शिकवतात. विषय भूगोल, नोकरी कायम, डोकं मात्र अधूनमधून रजेवर. दर जूनमध्ये, कॉलेज उघडायच्या आधी, ते पहिल्या वर्षाला नवीन प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना बोलावतात आणि चालू तासाला वर्गात शिरायचं कसं याचा सराव करून घेतात. नावाला तो 'पूर्वतयारी वर्ग'. आम्ही स्टाफरूममध्ये त्याला 'उशिरा यायचा तास' म्हणतो.

मी अकाउंट्स शिकवतो. तास सुरू झाला की दार लावायचं आणि त्यानंतर साक्षात प्राचार्य आले तरी उघडायचं नाही, असा माझा खाक्या. त्यामुळे सानप सरांनी पहिल्याच वर्षी मला गाठलं.

"म्हस्के सर, सरावासाठी एक कडक प्राध्यापक पाहिजे. तुम्हाला वेगळं काही करायचं नाही. नेहमीसारखा चेहरा ठेवून उभे राहा."

मी रागावलो, पण गेलो. दार लावून आत खोटा तास घ्यायचा, आणि बाहेरच्या पोरांनी एकेकट्याने दार ढकलून यायचं. सरांचे नियम ठरलेले. 'सर, उशीर झाला, आत येऊ?' एवढंच म्हणायचं. कारण सांगायचं नाही, कारण सांगायला लागलं की रडू येतं. समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्या बघायच्या नाहीत. जागा दिसेल तिथं बसायचं, वही उघडायची आणि मागं वळून दाराकडं पाहायचं नाही. कुणी अडखळलं की सर बाहेरून ओरडत, "दारातून माघारी नाही. पुढं?"

हे 'पुढं?' त्यांच्या तोंडात कायम. तुम्ही म्हणालात की आज फार ऊन आहे, तरी ते म्हणणार, "बरं, पुढं?"

त्यांचं म्हणणं असं. आमचं कॉलेज जामखेडहून खर्ड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून येणारी एसटी तिच्या मर्जीने येते. घरातलं पहिलंच पोर कॉलेजात आलेलं असतं. ते धावत वर्गापर्यंत येतं, दार बंद दिसतं, आतून शिकवण्याचा आवाज येतो, आणि पोर परत फिरून लिंबाखाली बसतं. दुसऱ्या दिवशी लिंबापर्यंतच येतं. तिसऱ्या दिवशी घरीच राहतं. "नापास होऊन कुणी कॉलेज सोडत नाही, सर. दारातून परत जाऊन सोडतात," असं ते मला चहाच्या कपामागे कप ऐकवत.

एवढ्यावर थांबले असते तर तो माणूस सानप कसला? त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी तेलाची एक छोटी बाटली असते. खिशावर कायमचा पिवळा डाग. कॉलेजातल्या प्रत्येक दाराच्या बिजागरीला ते स्वतःच्या हाताने तेल घालतात, कारण दार करकरलं की सगळा वर्ग वळून पाहतो आणि पोर गारठतं. एका सकाळी माझ्या वर्गाची आतली कडी गायब झाली. मी दाराला दगड लावला, तर दगड गेला. चोर कोण ते सगळ्यांना माहीत होतं, पण पुराव्याअभावी सुटला.

व्हायचं तेच झालं. जुलैत निम्मा वर्ग उशिरा यायला लागला, तोही अत्यंत नम्रपणे. मी एक जमाखर्च फळ्यावर मांडेपर्यंत 'उशीर झाला, आत येऊ?' चालूच. प्राचार्यांनी सानप सरांना बोलावून चांगलं झापलं. सर शांतपणे म्हणाले, "उशिरा आले, पण आले ना सर?" प्राचार्यांनी त्यांच्यासाठी चहा मागवला.

स्वतः सानप सर मात्र कुठेही उशिरा जात नाहीत. लग्नाला गेले तर मांडव घालणाऱ्यांना दोऱ्या धरायला मदत करतात.

गेल्या जूनच्या वर्गात आरती खाडे नावाची मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे. ती तीनदा दारापर्यंत आली आणि तीनदा परत गेली. चौथ्या वेळी तिने दार असं ढकललं की ते भिंतीवर आपटून परत आलं आणि तिच्याच खांद्याला लागलं. पोरं हसली. ती मात्र पुढच्या बाकावर येऊन बसली आणि तिने वही उघडली. पुढे माझ्या तासाला उभं राहून 'सर, कळलं नाही' असं सांगणारी तीच. मला ती आवडायला लागली, हे मी सानप सरांना कशाला सांगू?

दिवाळी झाली. साखर कारखान्यांची धुराडी पेटली आणि गावं रिकामी झाली. खाडे मंडळी देवळाली प्रवऱ्याकडे तोडीला गेली आणि जाताना आरतीला घेऊन गेली. धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि भाकरी थापायला कुणीतरी लागतंच. निघायच्या आधी सानप सर तिच्या वडिलांना भेटले होते. बऱ्याच बोलण्यानंतर वडिलांनी परीक्षेच्या एका पेपरचा शब्द दिला. "येक पेपर देऊन जाईल. मंग बघू."

त्या 'मंग बघू'चा अर्थ इकडे सगळ्यांना कळतो. उसाच्या फडावर राहिलेली मुलगी पुढच्या हंगामाला कुणाची तरी बायको होऊन कोयता धरते.

परीक्षेचा पहिला पेपर माझ्याच विषयाचा. पर्यवेक्षकही मीच. अकराला पेपर सुरू झाला आणि खिडकीजवळचा आरतीचा बाक रिकामा होता. अर्ध्या तासानंतर कुणालाही आत घ्यायचं नाही, हा विद्यापीठाचा नियम. एरवी हा नियम मला फार प्रिय आहे. त्या दिवशी त्याची चीड आली.

सानप सर व्हरांड्यातून गेले. थोड्या वेळाने परत गेले. मग पाण्याची कळशी भरलीय का बघायला आले. मग पंखा चालतोय का ते विचारायला आले. थंडीत पंखा बंदच होता. माझ्याकडे न पाहता ते रिकाम्या बाकाकडे पाहत आणि निघून जात.

"तुम्ही गाडी घेऊन तिला आणायला का नाही गेलात?" मी दारात हळू आवाजात विचारलं.

"मी आणली तर मी आणलं म्हणून येईल. परवाच्या पेपरला कोण आणणार?"

घड्याळाचा मिनिटकाटा सहाकडे सरकला. मी उत्तरपत्रिकांवर सह्या करत होतो, पण एकाच पानावर दोनदा सही केली.  बाहेर गेटाचा करकर आवाज झाला की मी मान वर करायचो. दरवेळी दुसरंच कुणीतरी असायचं.

आणि मग मला कळलंच नाही. वर्गाचं दार उघडल्याचा आवाज आला नाही. मी मान वर केली तेव्हा आरती समोर उभी होती. केस वाऱ्याने विस्कटलेले, दोन्ही हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे.

"सर, उशीर झाला. आत येऊ?"

तिने कारण सांगितलं नाही. मी विचारलं नाही. काटा सहाच्या अगदी तोंडाशी होता. ती बाकावर बसली आणि दाराकडे वळून न पाहता लिहायला लागली.

थोड्या वेळाने मला सोडवायला दुसऱ्या मॅडम आल्या आणि मी बाहेर पडलो. सानप सर गेटवर होते. गेटाबाहेर मोटारसायकलला टेकून आरतीचे वडील उभे, डोक्याला टॉवेल, पायात धुळीने भरलेल्या चपला. पहाटे निघाले होते, वाटेत गाडी पंक्चर झाली होती.

"आत या," सर म्हणत होते.

"न्हाई सर, हितंच बरंय. कपडे बघा की माजे. पेपर झाला की लगीच निघायचं हाय. गाडी मुकादमाची हाय."

"आणि परवाचा पेपर?"

"परवाचं काय न्हाई. येका पेपरचा शब्द दिल्ता, तेवढा पाळला. तिकडं बारकी पोरं कोन बघंल?"

आता सर 'पुढं?' म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले नाहीत. गेटाची सळई धरून उभे राहिले आणि बोलताना त्यांची भाषाच बदलली.

"माजा बाप बी तोडीलाच जायचा. मी मास्तर झालो तवा मला बघायला आल्ता, फडावरून थेट. स्टाफरूमचं दार बंद हुतं, आत आमी हसत हुतो. दार ढकललं तर ते वाजलं. आवाजाला घाबरला आन माघारी गेला. संध्याकाळी वॉचमननं मला गुळाची ढेप दिली, तवा कळलं कोन आल्तं. त्याच हंगामात गेला तो. भेट न्हाईच झाली."

एवढ्या वर्षांत मला वाटायचं, दारातून परत गेलेलं पोर म्हणजे सानप सर स्वतः. मी त्यावरून त्यांची चेष्टाही करत असे. 

 खाड्यांनी टॉवेल काढून तोंड पुसलं आणि ते गेटातून आत आले. चपला ते पायरीखाली काढणार होते, सरांनी काढू दिल्या नाहीत. आम्ही तिघं व्हरांड्यातून गेलो आणि परीक्षेच्या वर्गाच्या खिडकीपाशी थांबलो.

आत आरती खाली मान घालून लिहीत होती. मध्येच तिने हात वर केला आणि उभी राहिली. सगळ्या वर्गासमोर मॅडमना काहीतरी म्हणाली.

खाडे दचकले. "काय चुकलं का तिचं? काय मागतीय ती?"

"पुरवणी," मी म्हणालो. "अजून कागद मागतेय. होता तेवढा लिहून भरला."

मॅडमनी कागद दिला. आरतीने तो उत्तरपत्रिकेखाली सरकवला आणि पुन्हा लिहायला लागली. खाडे खिडकीच्या गजाला हात लावून बघत राहिले. दमून आलेला माणूस, पण बसा म्हटलं तरी बसला नाही. सानप सर त्यांच्या शेजारी तसेच उभे. घंटा होईपर्यंत मलाही तिथून हलवेना.

घंटा झाली तसं खाड्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"तिची आत्या हाय हितं वाडीवर. ऱ्हाईल तिच्याकडं. बारक्यांचं आमी बघतो काय तरी." मग थोडं थांबून म्हणाले, "परवाचा कितीला हाय?"

सानप सर तोंड फिरवून गेटाकडे बघायला लागले. म्हणून मीच सांगितलं, "अकराला."

"आन येष्टी चुकली, उशीर झाला तर?"

हा प्रश्न जन्मभर दार लावून शिकवणाऱ्या माणसाला विचारला होता.

"तर दार ढकलायचं आणि आत यायचं," मी म्हणालो.

सानप सरांनी खिशातून तेलाची बाटली काढली आणि आमच्याकडे न बघता त्या करकरणाऱ्या गेटाकडे चालायला लागले.