डोळे शेवटी बसवायचे

कदम मास्तरांकडे जायचं तर चपला दाराबाहेर काढायच्या आणि खोकून घ्यायचं तेही बाहेरच. आत पाटावर प्लॅस्टिकचा रोबो बसलेला असतो आणि त्याचे उरलेले अवयव ताटल्यांत मांडलेले असतात. एखादा तुकडा उडून कपाटाखाली गेला, की मास्तर आलेल्या पाहुण्याला जमिनीवर रांगायला लावतात. मीही रांगलोय. माझ्या गुडघ्यांचं काय झालंय ते डॉक्टरला ठाऊक आहे, मास्तरांना त्याची फिकीर नाही.

मास्तर मूळचे पोलादपूरकडच्या एका वाडीतले, शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि महाडात आमच्या शेजारी राहायला आले. मी स्टेशनरीवाला, दुकान आता सूनबाई बघते. वहिनी गेल्यापासून मास्तर एकटेच, म्हणून रोज संध्याकाळी आम्ही दोघं सावित्री नदीच्या पुलापर्यंत फिरायला जायचो. जाताना मी बोलायचो आणि येताना मास्तर माझं सगळं म्हणणं खोडून काढायचे. असं हक्कानं भांडणारं माणूस मला दुसरं नाही.

अशात कॅनडाहून त्यांच्या मुलाने, प्रसादने, या रोबोच्या तुकड्यांचा खोका पाठवला. डिंक नाही, स्क्रू नाही. चौकटीतून तुकडे कापायचे, कानशीने घासायचे आणि एकमेकांत खटकन बसवायचे. प्रसादने स्वतः एक केला होता, आता रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवरून बापाला शिकवू लागला. "बाबा, तुमचा वेळ जाईल," म्हणाला. बापाचा कसला, वेळ गेला माझा!

"मास्तर, चल, निघू या."

"आज नाय जमायचं रे शेठ. कोपर चाललाय."

"कोपर उद्या कर."

"उद्या मनगट हाय."

मी नुसतं ताटलीकडे बोट केलं तरी ओरडायचे, "हळू रे, जीव हाय त्यात!" आणि माझ्यात काय भुसा भरलाय?

माझा जळफळाट व्हायचा. त्या हातभर प्लॅस्टिकच्या ठोकळ्याचा मला मनापासून राग यायचा. मी एकटा पुलापर्यंत जायचो, कुणी खोडून काढायला नाही म्हणून मुकाट परत यायचो. आमची ही म्हणाली, "सवत आली तरी बायका एवढ्या धुमसत नाहीत हो!" वर तिनेच मास्तरांसाठी घावणे नेले आणि ताटली ठेवली कुठे, तर त्या रोबोपुढे. घर फिरलं की वासेही फिरतात वगैरे म्हणायचीही माझ्यात ताकद उरली नव्हती.

मग एक गंमत झाली. मास्तरांचे वडील गावात गणपती करायचे आणि मास्तर त्यांच्या हाताखाली रंगवायचे. त्यांच्याकडे रीत अशी, की मूर्तीचं सगळं झाल्यावर, हात धुऊन, कुणाशी न बोलता डोळे अगदी शेवटी रेखायचे. रोबोच्या कागदावरच्या चित्रात मात्र आधी डोळ्यांची हिरवी पट्टी आत बसवायची आणि मग चेहरा लावायचा, असं होतं. मास्तरांनी नाक मुरडलं. "त्यांच्याकडं चालत असंल. आमच्यात डोळे शेवटी." आणि केला चेहरा बंद! पंख झाले, तलवार झाली, मास्तर हात धुऊन, चिमट्यात डोळे धरून बसले, तर डोळे घालायला जागाच नाही. रोबो ठार आंधळा.

काय आनंद झाला म्हणून सांगू! मी घरी येऊन हिला शिरा करायला सांगितला.

पण प्रसादने फोनवरून युक्ती सांगितली आणि मास्तरांनी फटीत पातळ पातं घालून चेहरा अलगद उघडला. म्हटलं, चला, सुटलो, उद्या फिरायला. तर दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "डोळे नाय बसत रे." तिसऱ्या दिवशीही तेच. ज्या माणसाने गणपतीच्या भुवया एका झटक्यात काढल्या, त्याला नखाएवढी पट्टी बसवता येईना? माझं टाळकं फिरलं. आज सोक्षमोक्षच लावायचा, एक तर तो रोबो नाहीतर मी, असं ठरवून एका संध्याकाळी मी हाक न मारताच आत शिरलो.

मास्तर माझ्याकडे पाठ करून बसले होते. पाटावर रोबो उभा होता, आणि त्याचे हिरवे डोळे थेट माझ्याकडे बघत होते. अगदी चोख बसलेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांनी घाईघाईने चेहरा उचकटला, नखाने पट्टी काढून ताटलीत टाकली आणि मग फोन घेतला.

"बोल रे प्रसाद. नाय रे, आज पण नाय बसले. काय करावं?"

"असू दे बाबा, घाई नको. मी आहे ना. जेवलात का दुपारी?"

"जेवलो. तू?"

"इथे सकाळ आहे बाबा!" आणि पोरगा हसला. मग बर्फाचं सांगितलं, बायकोच्या खोकल्याचं सांगितलं, डाळ करपली तेही सांगितलं. याच प्रसादचा फोन पूर्वी सणासुदीला यायचा आणि "बरे आहात ना, ठेवतो" म्हणेपर्यंत संपायचा, हे मला माहीत होतं.

बोलता बोलता मास्तर वळले आणि त्यांना मी दिसलो. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले.

"कोण आलंय बाबा?"

"शेठ."

"काका, तुम्ही तरी बघा हो. नक्की अडतंय कुठे?"

एक वाक्य बोललो असतो, तर माझी संध्याकाळ मला परत मिळाली असती. पूल, भांडण, मास्तर, सगळं. खोटं कशाला बोलू, जीभ शिवशिवलीही. मी खाली बसलो, पट्टी उचलली, चष्मा वर केला आणि बराच वेळ उलटसुलट करून पाहिली.

"काही खरं नाही रे प्रसाद," मी म्हणालो. "खाचच बारीक आहे. दिवाळीपर्यंत तरी बसेल असं मला वाटत नाही. तू रोज बघत जा बाबा."

 मास्तरांनी फोन थोडा तिरका केला, मीही त्यात दिसेन असा.