पाण्यावरचं वडाप

"आठ दिवस. पाण्यावर. फकस्त दोघं. तिसरं माणूस बोटीत दिसलं तर नाव बदलून ठेवा माझं!"

चांदसाहेबानं ही घोषणा सांगलीत विश्रामबागेला लेकीच्या घरी केली. लेक तरन्नुम, जावई रिजवान, व्याही, विहीणबाई, सगळे जेवायला बसले होते. जरिना स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होती. ती तिथंच थांबली. तीस वर्षांच्या संसारात 'फकस्त दोघं' हे शब्द त्याच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकले होते.

आता चांदसाहेब कोण, तर सांगली-कुंडल रस्त्यावर जन्मभर वडापची जीप चालवलेला माणूस. वडाप म्हणजे काय ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको. रस्त्यात हात दिसला की थांबायचं आणि नऊ जणांच्या जागेत सतरा बसवायचे. लग्न लागल्यावर जरिनाला कुंडलहून माधवनगरला आणताना त्यानं वाटेत पाच सीट, म्हणजे प्रवासी, घेतले होते. नवी नवरी एका अनोळखी म्हातारीच्या मांडीवर अर्धी टेकून सासरी पोचली. तेव्हापासून तिची एकच इच्छा होती. नवऱ्याबरोबर एक प्रवास, ज्यात मध्ये कुणी नाही. हज नको म्हणाली नाही ती, पण त्याच्याआधी हे हवं होतं.

जीप विकून चांदसाहेबानं कोयनेच्या बॅकवॉटरमधल्या एका हॉटेलवाल्याची जुनी मोटरबोट घेतली. वर छप्पर, मागं इंजिन, आत दोन माणसं झोपतील एवढी फळी आणि गॅसची बारकी शेगडी. बोटीवर कंपनीची पाटी होती, 'प्रवासी सहा'. चांदसाहेबानं ती वाचली आणि मान हलवली. कंपनीनं सहा लिहिलंय म्हणजे बारा आरामात बसतात, एवढं त्याला कळत होतं. जरिनानं तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं. पण ती दोन दिवस चपात्या लाटत होती, खिम्याचे डबे भरत होती. बाईला कुठली सवड!

पहिल्या दिवशी सकाळी कोयनेकाठच्या बामणोलीच्या धक्क्यावर दोघं बोटीत बसली. इंजिन चालू झालं. पाणी आरशासारखं. जरिना पदर सावरून पुढच्या बाकावर बसली, आणि बोट काही हलेना. पाच मिनिटं झाली, वीस झाली. चांदसाहेब इंजिन घुरघुरवत ठेवून धक्क्याकडं बघत होता. तिनं विचारलं, कशासाठी थांबलाय? तो म्हणाला, निघायचंच, जरा बघतो. काय बघतो ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. तेवढ्यात पेंडीचं पोतं खांद्यावर घेतलेला एक माणूस धावत आला. नानासो नाव त्याचं, पलीकडच्या काठावर जायचं होतं. तो आत चढला मात्र, चांदसाहेबाच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की काय सांगावं. बोट सुटली. एक सीट तरी मिळालं होतं ना!

पोतं ठेवलं कुठं? जरिनाच्या शेजारी. आणि नानासो पोत्यावर.

"एकच माणूस हाय," चांदसाहेब समजूत घालत म्हणाला. "वाटेवरच हाय त्याचं गाव."

पाण्यावर कसली आलीय वाट, असं जरिनाच्या ओठावर आलं होतं. पण पाहुण्यासमोर तिनं पदर तेवढा पोत्याखालून ओढून घेतला.

त्या भागात काठावरच्या वस्त्यांना बाजाराला, दवाखान्याला, कुठंही जायचं तर बोटच लागते आणि ती मिळत नाही. बातमी दुपारपर्यंत सगळ्या खोऱ्यात पोचली, की एक सांगलीवाला आलाय, हात केला की थांबतो आणि भाडंही घेत नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वळणावर माणसं उभी. चांदसाहेबाचा सुकाणूवरचा हात आपोआप काठाकडं वळायचा. त्याचं त्याला कळायचंच नाही बिचाऱ्याला. भामाबाई नावाची म्हातारी शेळी घेऊन चढली. शेळी जरिनाच्या अंथरुणावर बसली आणि भामाबाई शेळीच्या शेजारी. कुणाला सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून चांदसाहेबानं डबा उघडायला लावला. आठ दिवसांचा खिमा दोन दिवसांत संपला. एक डबा तेवढा जरिनानं इंजिनामागं फडक्यात गुंडाळून लपवला. आपल्याच घरच्या जेवणाची चोरी करायची वेळ आली होती तिच्यावर.

आणि चांदसाहेब? गडी खुलला होता. कुणाची सून बाळंत झाली, कुणाची म्हैस गाभण राहिली, सगळं त्याला ठाऊक. जरिना पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसली होती, आणि तीन दिवसांत तो तिच्याशी बोलला ते एवढंच, 'जरा सरक' आणि 'चहा टाक'.

तिसऱ्या दिवशी कडेलोट झाला. दुरड्या घेऊन चढलेली एक बाई तिला म्हणाली, "कंडक्टरबाई, जरा पाय घ्या की आत."

जरिनानं पाय आत घेतले. सगळे उतरल्यावर मात्र नवऱ्यासमोर उभी राहिली.

"हे बघा. उद्या या बोटीत एक बी माणूस चढलं, तर मी तिथंच उतरणार. तरन्नुमकडं जाणार. मग आठ दिवस काय, आठ वर्षं फिरा एकटेच."

आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो घाबरला. ओरडली असती तर त्याला सवय होती. त्यानं कानाला हात लावला आणि शपथ घेतली.

चौथ्या दिवशी बोट रिकामी सुटली. चांदसाहेब नजर नाकासमोर ठेवून सुकाणू धरून बसलेला. पहिल्या वळणावर एक हात वर झाला. त्याच्या कपाळावर घाम आला, पण तो थांबला नाही. दुसऱ्या वळणावर पाच हात. तिसऱ्या काठावर तर दहाबारा माणसं! भामाबाई पदर हलवत होती, नानासो डोक्यावरचा टॉवेल काढून गरगर फिरवत होता, पोरं बोंबलत होती. इंजिनाच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते.

"अगं, म्हातारी लयच हात करतीय," चांदसाहेब काकुळतीला आला.

"करू दे. फुडं बघा."

आणि जरिना उभी राहिली. तीस वर्षांत पहिल्यांदा मोकळ्या गाडीत बसलेल्या बाईच्या थाटात तिनंही काठाकडं हात हलवला. अगदी हसून.

त्याच वेळी खालून धाडकन आवाज आला, बोट वर उचलली गेली आणि वाकडी होऊन थांबली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मग सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत भामाबाईचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"आवं, तिकडं नका जाऊ! पानी उतारलंय, शेताचा बांध हाय खाली!"

बुडालेल्या कुठल्याशा जुन्या शेताच्या बांधावर बोट चढली होती. आजूबाजूला पाण्याखाली कंबरभर चिखल, काठावरच्यांनाही जवळ येता येईना. फोनला रेंज नाही. तासाभरानं लांबून एक लाँच गेली. चांदसाहेबानं हात केला. लाँचवाल्यानं पंजा हलवला, म्हणजे सीट भरलेत, परतीला येतो. चांदसाहेब त्याच्याकडं आदरानं बघत राहिला. ढेकळासारखा बसून होता बिचारा, पण धंद्याची रीत त्याला मान्य होती.

"दोन तास तरी लागतील त्याला," तो म्हणाला.

म्हणजे झालं की! चारी बाजूंना पाणी, मध्ये बोट आणि बोटीत फकस्त दोघं. जरिनानं लपवलेला डबा काढला. दोघं समोरासमोर बसून जेवली. जेवण झालं, हात धुतले, आणि आता ती वाट बघू लागली. बोलेल. आज तरी काहीतरी बोलेल.

चांदसाहेबानं खाकरून घसा साफ केला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. दिवसाला शंभर माणसांशी बोलणारा हा गडी, बायकोशी एकट्यानं कुठून सुरुवात करायची ते काही त्याला उमगेना. शेवटी त्याला येत होतं तेच त्यानं केलं. गाडीत नवीन सीट बसलं की जे विचारायचा, तेच विचारलं.

"मग... तुमचं गाव कंचं म्हनायचं?"

जरिना त्याच्याकडं बघत राहिली. हसावं की डबा फेकून मारावा! पण माणूस एवढा अवघडला होता, की तिला दया आली.

"माहेर कुंडल. दिली माधवनगरात."

"अच्छा, अच्छा. मालक काय करत्यात?"

"वडाप मारायचे. जीप होती."

"आरारारा," चांदसाहेब मनापासून हळहळला. "लय सोसलं असंल मग तुमी."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढं साधं वाक्य, आणि यायला तीस वर्षं लागली. "सोसलं की," ती म्हणाली. "पर मानूस वाईट न्हाई."

तो खाली बघून लाजला. साठीचा माणूस, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यानं हळूच विचारलं, "आता कुठवर जायाचं?"

"तुमच्यासंगं," जरिना म्हणाली. "शेवटपर्यंत."

चांदसाहेबानं मान डोलावली. त्याचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"मग लांबचं सीट हाय तुमचं. मागं सरकून बसा जरा, मधे चढनाऱ्यांना जागा ऱ्हाऊ द्या."

आणि सवय हो, दुसरं काय. जरिना सरकलीसुद्धा.