बिल निम्मं करायची आत्याची रीत

फोन कंपनीच्या साहेबांनो, तुम्ही एका धडधाकट बाईला 'अस्तित्वात नाही' म्हणून जाहीर केलंत. एकदा नाही, नव्वद दिवस. जो कोणी नंबर लावेल त्याला, गोड आवाजात, वर पुन्हा 'धन्यवाद' म्हणून. तिचा गुन्हा काय? तिने बिल कमी करून मागितलं. तुम्ही ऐकून घ्याल असं मुळीच वाटत नाही, कारण ऐकायला तुम्ही माणूसच ठेवलेलं नाही. तरी ऐका.

ती बाई म्हणजे आत्या. तिचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. लोकांनी टाकून दिलेली लंगडी टेबलं, दार निखळलेली कपाटं ती आणायची, पायावर उभी करायची आणि विकायची. जोडीला तिचा भाचा. वय बेचाळीस, काम लाकडाला पॉलिश करणं, त्यामुळे नावही पॉलिशच पडलेलं. त्याची बायकोसुद्धा त्याला पॉलिश म्हणायची.

आत्याची एक पद्धत होती. विकलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटाखाली ती तापल्या सळईने आपला मोबाईल नंबर डागायची. "पाय डुगडुगला तर फोन करायचा. जन्मभर फुकट नीट करून देईन," असं ती गिऱ्हाइकाला सांगायची आणि तसं करायचीही. वीस वर्षांत निम्म्या शहराच्या बुडाखाली आत्याचा नंबर गेला होता. बसणाऱ्यांना ते ठाऊक नसेल, पण आत्याला होतं, आणि त्या जोरावर ती रात्री शांत झोपायची.

एके सकाळी तिने पॉलिशपुढे कागद टाकले. "हे बघ. गेल्या महिन्यापेक्षा दीडपट. मी काय दीडपट बोलले?"

पॉलिशने हात पुसून बिल वाचायला घेतलं. चार पानं. वाचता वाचता त्याचे डोळे मोठे होत गेले. असं काही माणूस लिहू शकतो यावर त्याचा विश्वास बसेना.

"आत्या, तुला रोज सकाळी भविष्य येतं?"

"कुठलं भविष्य?"

"राशीभविष्य. मेसेजमधून. त्याचे पैसे लावलेत. परदेशात फिरतानाचं रोमिंगही आहे."

"मी नदीपलीकडे गेले त्याला अकरा वर्षं झाली."

"आणि मोबाईलचा विमा. पण हा फोन नाही, तो आधीचा. वॉर्निशच्या डब्यात पडला होता तो."

आत्याने चष्मा काढला. "चार पानं लागली त्यांना? माझं मृत्युपत्र दीड पानात बसलं, त्यात दुकानसुद्धा आलं."

पॉलिशला अशा गोष्टींत थोडी गती होती. त्याने पेन्सिलीने खुणा केल्या. भविष्य बंद करायचं. रोमिंग काढायचं. विमा थांबवायचा. इंटरनेटचा एवढा मोठा पॅक कशाला, लहान घ्यायचा. "नुसत्या एवढ्यानं बिल बरंच खाली येईल," तो म्हणाला.

"खुडत बसू नकोस," आत्या म्हणाली. "फोन लाव. मी भाव करते."

"कंपनीशी भाव?"

"विकणारा आहे ना? मग भाव होतो."

भाव करण्यात आत्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिचे नियम दोनच. पहिला, आपला आकडा आधी सांगायचा नाही. गप्प बसायचं, समोरच्याला शांतता सहन होत नाही. एका नामांकित वकिलाला तिने सहा मिनिटं नुसतं गप्प बसून नमवलं होतं, बिचाऱ्याने स्वतःच्याच शिसवी टेबलाची किंमत स्वतःच पाडली. दुसरा नियम, शेवटी उठून चालू लागायचं. मागून हाक येतेच.

अर्धा तास संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. पॉलिशने स्पीकर लावला.

"नमस्कार मॅडम, मी आपली काय मदत करू?"

"बिल फार आहे," आत्या म्हणाली आणि थांबली.

पलीकडे शांतता. मग टकटक. "मॅडम, आपण जुन्या ग्राहक आहात, मी दहा टक्के सूट देऊ शकते."

आत्या गप्प.

"मॅडम? लाइनवर आहात? वीस टक्के, सहा महिन्यांसाठी."

आत्याने पॉलिशकडे पाहून एक भुवई उचलली. पॉलिशच्या अंगावर काटा आला. एवढी मोठी कंपनी, टेकडीटेकडीवर मनोरे, आकाशात उपग्रह, आणि ही बाई स्टुलावर बसून, शेंगा सोलाव्यात तशी तिला सोलत होती.

"भविष्य, रोमिंग आणि विमा मी आत्ताच काढून टाकते मॅडम. वर तीस टक्के. यापुढे सिस्टीम जात नाही."

"आत्या, घे!" पॉलिश कुजबुजला. "खूप झालं."

आत्याने त्याला हातानेच गप्प केलं. तिला निम्मं हवं होतं. "नाही जमत ना? मग बंद करा," ती म्हणाली.

"नंबर बंद करायचा, मॅडम?"

"हो."

"नक्की? 'हो' म्हणा."

"हो म्हटलं ना!" आत्याने फोन ठेवला, हाताची घडी घातली आणि स्टूल वळवून पाठ केली. "आता बघ. दहा पावलं मोजायची. हाक येते."

हाक आली नाही. मेसेज आला. पॉलिशने तो वाचला, मग पुन्हा वाचला. 'आपल्या विनंतीनुसार आपली सेवा बंद करण्यात आली आहे. पुन्हा भेटू.'

आत्याच्या चेहऱ्यावर त्याने असा रंग कधी पाहिला नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी तिला खरोखर जाऊ दिलं होतं.

पॉलिशने स्वतःच्या फोनवरून कंपनीला गाठलं. खात्री पटवायला ओटीपी पाठवतो म्हणाले, आणि पाठवला त्याच बंद नंबरवर. मग दोघं कंपनीच्या चकचकीत दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस सज्जन होता, म्हणून तर जास्त राग येतो.

"नंबर आता विश्रांतीत गेलाय," तो म्हणाला.

"विश्रांती कसली? थकला होता का तो?" आत्या.

"नव्वद दिवस कोणालाच मिळत नाही. नंतर कोणालाही मिळू शकतो."

"मग मलाच ठेवा."

"त्यासाठी मूळ ग्राहकाचा अर्ज लागेल."

"मीच मूळ. ही काय उभी आहे तुमच्यापुढे."

"तसं सिद्ध करायला त्या नंबरवर ओटीपी जाईल."

"नंबर बंद आहे ना!"

"मग आधी तो चालू करून घ्यावा लागेल."

पॉलिश बाहेर येऊन पायरीवर बसला. लहानपणी समुद्र पहिल्यांदा पाहून तो असाच बसला होता. ह्याला सुरुवात नाही, शेवट नाही, आणि मध्ये कुठे पाय टेकत नाही.

खरी पंचाईत पुढेच झाली. ज्यांचे पाय डुगडुगत होते, म्हणजे टेबलांचे, त्यांनी नंबर लावला. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' असं त्यांना सांगण्यात आलं. वीस वर्षांत पहिल्या घंटेला उचलणारी बाई फोन उचलत नाही याचा अर्थ लोकांनी एकच काढला. चौथ्या दिवशी एक बेकरीवाला दारात आला, टोपी छातीशी धरून.

"फार वाईट झालं हो," तो पॉलिशला म्हणाला. "शेवटी शेवटी काही बोलल्या का?"

"बोलत असतेच मी," कपाटामागून आत्या म्हणाली.

बेकरीवाला जागीच बसला. ज्या खुर्चीवर बसला ती त्याला आवडली आणि त्याने विकत घेतली. पण सगळेच तसे नव्हते. कोणी फुलं आणली. एकाने, बाई गेल्याच आहेत तर माल काढायचा असेल, स्वस्तात द्या, असंही विचारून पाहिलं. आत्याने त्याला जिवंतपणी दुप्पट भाव सांगितला.

हसत होती ती, पण जेवण कमी झालं होतं. आलेल्यांना तिने घेतलेला नवा नंबर देता येत होता; न आलेल्यांचं काय? "किती घरांत मला खोटारडी म्हणत असतील रे," ती एकदा सळई हातात घेऊन म्हणाली. तिने नवा नंबर एकाही खुर्चीवर डागला नाही. "उद्या हाही काढून घेतील. लाकडावर खोटं नाही लिहायचं मला."

पॉलिश दर पंधरा दिवसांनी सकाळी दहाला जुना नंबर लावून बघायचा. दर वेळी तोच गोड आवाज. तीन महिने आणि वर आठवडा लोटल्यावर एके दिवशी चक्क घंटा वाजली. पॉलिशच्या हातून ब्रश पडला.

"हं, बोला," एका वयस्कर बाईचा आवाज आला. "कोणता पाय डुगडुगतोय? पुढचा की मागचा?"

पॉलिशने स्क्रीनवरचा नंबर पुन्हा तपासला. "अहो... तुम्ही कोण?"

"ते नंतर. आधी वस्तू सांगा. टेबल, खुर्ची की कपाट?"

पत्ता विचारून तासाभरात दोघं तिच्या दारात होते. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली. बाई निवृत्त ग्रंथपाल. नंबर तिला आठ दिवसांपूर्वी मिळाला होता. टेबलावर लाकडी खण, त्यात ओळीने उभी कार्डं.

"पहिल्या दिवशी पाच फोन आले," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिले. सहावा रडवेला होता, त्यांचं जेवणाचं टेबल कलंडलं होतं. त्यांना सांगितलं, तूर्त पुठ्ठ्याची घडी घाला. मग नोंद ठेवायला लागले." त्यांनी खण पुढे सरकवला. एकेचाळीस कार्डं. वस्तू, लाकूड, कितवा पाय, कोणत्या गल्लीत, कधीपासून.

पॉलिशने एक कार्ड उचललं आणि दोन्ही हातांनी धरलं. वीस वर्षांत त्यांच्या दुकानात नोंद म्हणजे भिंतीवर खडूने मारलेली फुली.

आत्या मात्र भाव करायला आली होती. ती खुर्चीत नीट बसली. "नंबर माझा आहे. परत हवाय. काय घेणार?" आणि गप्प झाली.

ग्रंथपालबाईही गप्प झाल्या.

एक मिनिट गेलं. तीन गेली. आत्या खिडकीबाहेर बघत होती, बाई आत्याकडे बघत होत्या, शांतपणे, जणू कोणी वाचत बसलंय आणि त्याला त्रास द्यायचा नाही. वकील सहाव्या मिनिटाला पडला होता. सहा गेली. नवव्या मिनिटाला पॉलिशच्या कपाळावर घाम आला. चाळीस वर्षं ज्या बाईने शांतता राखायचाच पगार घेतला, तिच्याशी आत्या शांततेत झुंजायला बसली होती!

अकराव्या मिनिटाला आत्या खाकरली. "बरं, तुम्हीच सांगा."

पॉलिशने डोळे मिटले. पहाड हलताना पाहवत नाही.

"नाही द्यायचा मला," बाई म्हणाल्या.

"मग राहिलं!" आत्या उठली आणि चालू लागली. एक जिना उतरून ती थांबली. कान वर. मागून हाक नाही, काही नाही. पॉलिश तिच्या शेजारी श्वास रोखून उभा. आत्याने चपलेचा पट्टा नीट केला, जो नीटच होता, आणि वळून वर गेली.

"पिशवी राहिली माझी," ती दारातून म्हणाली. पिशवी तिच्या खांद्याला होती.

"बसा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीकडे फक्त एकदा पाहिलं. "चाळीस वर्षं मी लोकांना 'बोलू नका' सांगत आले. निवृत्त झाले आणि माझ्याशी कोणी बोलेचना. हा फोन घेतला तो मुलगा लांबून करील म्हणून. आठ दिवसांत त्याने एकदाच केला. बाकीचे तुमचे. कालच एक आजोबा अर्धा तास पाळण्याबद्दल सांगत होते. आता पणतू झोपतो त्यात. तुमच्याच दुकानातला पाळणा."

आत्या काही वेळ खणाकडे बघत राहिली. या वेळची तिची शांतता पॉलिशला ओळखू आली नाही. तिच्यात भाव करण्याचं काहीच नव्हतं.

"आजोबांना सांगा," ती अखेर म्हणाली, "दांडीला मेण लावा, कुरकुर थांबेल. आणि तुमची ही खुर्ची, हिचा मागचा डावा पाय डुगडुगतोय. मघापासून बघतेय."

त्या दिवसापासून फोन बाई उचलतात. दुपारी पॉलिश जिना चढून कार्डं घेऊन येतो, पाय नीट करतो, कार्ड परत नेऊन देतो. सळई पुन्हा तापते. नंबर बाईंच्या नावावर, बिलही बाईंचं; आत्याला त्या ते भरूच देत नाहीत, आणि मधला नवा नंबर आत्याने काढून टाकला. म्हणजे आत्याचं मोबाईलचं बिल निम्मं नाही, शून्य झालं! पॉलिशला तर अजून वाटतं, आत्याने हे सगळं आधीच ठरवलं होतं. आत्या त्याचा गैरसमज दूर करत नाही.

परवा बाईंचं पहिलं बिल आलं. सगळी पानं वाचणारी बाई तुम्हाला याआधी भेटली नसणार, साहेब. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. तिथे एक आकार लावलाय आणि समोर लिहिलंय 'इतर'. बाईंनी चष्मा पुसला. "चाळीस वर्षांत मी एक पुस्तक 'इतर' मध्ये ठेवलं नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाला जागा असते. शोधायचा कंटाळा आला की माणूस 'इतर' लिहितो."

"चला," आत्या म्हणाली. "विचारून येऊ."

टेम्पो दारात उभा आहे. मागे दोन खुर्च्या ठेवल्यात, कारण तुमच्याकडे बसायला देत नाहीत हे कळलंय. एक भाव सोडत नाही, दुसरी शब्द सोडत नाही, आणि दोघींना संध्याकाळपर्यंत वेळ आहे. पॉलिश स्टिअरिंग धरून बसलाय. त्याला फक्त त्या चकचकीत दुकानापलीकडे जायचं कुठे ते ठाऊक नाही, कारण चार पानांत तुम्ही पत्ता म्हणून कुठे छापलेला नाही.

तेव्हा सांगा. तुमचा जो कोणी माणूस असेल, तो कुठल्या खोलीत बसतो? आणि 'इतर' म्हणजे काय?