रांग दिसली की लागायचं

कोणालाही काहीही विचारायचं नाही, हा निर्णय माझा होता. (घरी मात्र झाल्या प्रकाराचा दोष बाबांना दिला जातो. मी त्या चर्चेत पडत नाही.)

वादळ येऊन गेल्याला नऊ दिवस झाले होते. पाणी उतरलं आणि पेट्रोल चढायला लागलं. सकाळी एक भाव, जेवणाच्या वेळी दुसरा. निम्मे पंप कोरडे, बस बंद. आणि माझी मुलाखत अकरा वाजता, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका मोठ्या कंपनीच्या नियोजन विभागात! आठ महिने वाट पाहून आलेलं बोलावणं. ते हुकलं तर आत्याच्या ऑफिसात बसून फायलींना दोरे बांधायचे, असं मोठ्या माणसांनी मला न विचारता ठरवून टाकलं होतं. आमच्या गाडीचा काटा लाल रेघेच्याही खाली जाऊन पडला होता.

त्या दिवसांत सगळ्या शहराला एक सवय लागली होती. रांग दिसली की लागायचं. कसली आहे हे विचारायचं नाही, कारण विचारेपर्यंत चार जण पुढे घुसतात. इंजिन बंद ठेवायचं आणि पुढची गाडी सरकली की उतरून आपली ढकलायची.

सकाळी सहाला आम्ही निघालो. धुकं असं, की स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना. जुन्या गिरणीजवळचा पंप उघडणार असा निरोप फोनवर फिरत होता. गिरणीच्या भिंतीलगत रांग दिसलीच. पुढचं टोक धुक्यात गेलेलं.

"थांब गं, कोपऱ्यावर कोणाला तरी विचारू," बाबा म्हणाले.

"बाबा, तुमच्या पिढीनं आयुष्यभर नुसतं विचारलंच. लागा."

आम्ही एका पांढऱ्या गाडीच्या मागे लागलो. दहा मिनिटं गेली. एवढी मोठी रांग, पण कोणी भांडत नव्हतं. कोणी खोकत नव्हतं. पेट्रोलच्या भावावरून कोणी कोणाच्या नावानं बोटं मोडत नव्हतं.

"झोपलेत सगळे," मी म्हणाले.

"सगळे?"

तेवढ्यात रांग सरकली. इंजिन वाजलं नाही, दार उघडलं नाही, ढकलणाऱ्याचा हुंकार नाही. चिखलात टायर चिकटून सुटल्याचा चपचप आवाज आला, तो समोरून सुरू होऊन हळूहळू आमच्याकडे आला आणि थांबला. बाबांनी उतरून गाडी ढकलली. स्टीअरिंगवर मी. (शिकलेलं माणूस तिथेच बसतं.)

तिसऱ्यांदा सरकलो तेव्हा मागे एक टॅक्सी येऊन लागली. तिच्या मागे आणखी दहा-बारा गाड्या. कोणीही, काहीही न विचारता. टॅक्सीवाले काका खिडकीशी आले.

"वादळानं छप्पर नेलं ते फुकट नेलं हो, ताई. हे पंपवाले पैसे घेऊन नेतात! आज काय भाव?"

"पुढच्यांना विचारते," मी म्हणाले, आणि आपलाच नियम मोडून पांढऱ्या गाडीपाशी गेले.

काचांवर, खिडकीच्या मध्यावर, चिखलाची एक सरळ आडवी रेघ होती. आत कोणी नव्हतं. सीटवर गाळ, गाळात एका पायातला बूट. डॅशबोर्डवरचं घड्याळ चार वीसला थांबलेलं. मी तिच्या पुढच्या गाडीपाशी गेले. तीच रेघ, त्याच उंचीवर. आत कोणी नाही, आणि काचेवर पाच बोटांचे ठसे. ठसे आतून होते.

मी पाहत असतानाच रांग पुन्हा सरकली. त्या रिकाम्या गाडीचं स्टीअरिंग माझ्या डोळ्यांसमोर आपोआप, सावकाश, डावीकडे वळलं.

मी पळत परत आले. "बाबा, पुढे कोणीच नाही!"

"मग गाड्या ढकलतंय कोण?"

"कोणी नाही?" टॅक्सीवाले काका खुलले. "मग ताई, आपलाच पहिला नंबर की!"

मी गाडीत शिरून काचा वर केल्या. भूतबित मी मानत नाही. डोळे मिटले होते ते विचार करायला. मग काचेवर टॉर्चचा उजेड पडला. रेनकोट घातलेला एक माणूस बादलीतल्या खळीत ब्रश बुडवून दारावर कसलासा कागद चिकटवत होता. त्यानं आत पाहिलं. मी बाहेर पाहिलं. त्याची किंकाळी जास्त मोठी होती.

"माणसं आहेत! यात माणसं आहेत!"

"मग काय असणार?" मी ओरडले. "पंप कधी उघडणार?"

"पंप गिरणीच्या पलीकडे. हा भंगाराचा रस्ता. पुरात बुडालेल्या गाड्या दोरानं एकीला एक बांधल्यात, पुढे ट्रॅक्टर ओढतोय. तुमची यादीत चढली, आता आवारात न्यावी लागेल."

"अहो, आमची बुडालेली नाही!"

त्यानं आमच्या गाडीवरून एकदा टॉर्च फिरवला. "नक्की?"

मागे सगळे हॉर्न एकदम वाजले. टॅक्सीवाले काका म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या वाटलात, म्हणून मागे लागलो!" मी खाली उतरले, त्याच ओल्या दाराला घट्ट पाठ लावून उभी राहिले आणि म्हणाले, "गाडी न्यायची तर माझ्या देहावरून न्या." बाबांनी मात्र, मला न सांगता, त्या माणसाला हळूच काहीतरी विचारलं. आवाराची वाट कंपनीवरूनच जात होती.

त्यांनी आम्हाला दोर बांधला. बुडालेल्या गाड्यांच्या त्या मुक्या मिरवणुकीत, सर्वांत शेवटी, मी मुलाखतीला निघाले. कपड्यांना सुरकुती पडू नये म्हणून सीटला टेकले नाही. वाटेत दोन बायकांनी आम्हाला हात जोडले.

अकराला पाच कमी असताना मी पोचले. मुलाखत झकास झाली. "अपुऱ्या माहितीत निर्णय कसा घ्याल?" असं विचारल्यावर मी म्हणाले, "आधी चार जणांना विचारीन." मुलाखत घेणारे तिघेही माना डोलवत होते. मधल्या बाईंनी तर "कधीपासून येता?" असंही विचारलं. मी आभार मानले, उठले, वळले आणि दार उघडलं.

मागे खुर्ची सरकली.

"थांबा," बाई म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरचा कागद सावकाश, मोठ्यानं वाचू लागल्या. "'पूर्ण निकामी. दुरुस्ती शक्य नाही. नेण्यापूर्वी मालकाची सही आवश्यक.'"

बाहेर बाकावर बसलेल्या बाबांना त्यातला 'सही' एवढाच शब्द ऐकू गेला. नोकरी पक्की झाली असं समजून ते खिशातलं पेन काढत लगबगीनं आत आले आणि म्हणाले, "कुठे करू?"