काळ्या कोटांत हरवलेली अक्षरे

बडोद्यात गुन्हे कमी होण्याचे मुख्य कारण म्हणजे हंबीरराव घोरपडे, असे हंबीरराव घोरपडे यांचे ठाम मत होते. चोरांना त्यांचा नागरवाड्यातला पत्ता ठाऊक असल्याने ते परस्पर डभोईची बस पकडतात, असे ते छातीठोकपणे सांगत. नंदेसरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर असताना त्यांनी हरवलेले रबरी हातमोजे शोधून काढले होते. ते त्यांच्याच खुर्चीखाली सापडले, हा तपशील मात्र ते गोपनीय मानत. निवृत्तीनंतर त्यांनी ‘गुप्तहेर’ अशी कार्डे छापून घेतली आणि दिसेल त्याला वाटली, त्यामुळे गुप्त असे काही उरले नाही.

त्यांचा सहायक होता त्यांचा जावई इंद्रनील. सासऱ्यांना नाही म्हणता येत नाही, एवढ्या एकाच पात्रतेवर त्याची नेमणूक झाली होती.

त्या शनिवारी दुपारी दोघे मराठी समाजाच्या हॉलमध्ये पोचले तेव्हा मनाली, म्हणजे हंबीररावांची मुलगी आणि इंद्रनीलची बायको, लॅपटॉपसमोर रडवेली होऊन बसली होती. ती घरच्या बैठकीत मुलांचा मराठी वर्ग घेई. मुलांची संख्या एवढी वाढली की आता काही जण बाल्कनीत बसत. तिला रविवार सकाळपुरता हा हॉल हवा होता, आणि नेमकी तीच वेळ गरबा शिकवणाऱ्या कुशलनेही मागितली होती. संध्याकाळी समिती मत देणार होती. समितीतल्या निम्म्या मंडळींना ऐकू कमी येई, त्यामुळे जे पटवायचे ते भिंतीवर वाचूनच पटणार होते. आणि भिंतीवर काहीच वाचता येत नव्हते.

इंद्रनीललाही हा वर्ग मनापासून हवा होता. त्यांची मुलगी सानवी परवाच म्हणाली होती, “आजी, पाणी आपो ने, प्लीज.” आजीला समजले सगळे, पण पाणी देताना तिने ‘द्या ना’ म्हण, असे तिला दोनदा सांगितले होते.

“बाबा, अक्षरंच दिसेनाशी होतात,” मनाली म्हणाली. “काल सगळं नीट केलं, सकाळी गायब. सकाळी पुन्हा केलं, आता पुन्हा तेच!”

भिंतीवर प्रोजेक्टरने पाडलेल्या स्लाइडमागे समितीचा गणेशोत्सवातला फोटो झळकत होता. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे सगळे, हंबीररावसुद्धा, काळे कोट आणि फेटे घालून उभे. त्यावरची काळी अक्षरे कोटांत बुडाली होती आणि ‘दर रविवारी’ हे शब्द अध्यक्ष रघुनाथरावांच्या मिशीत शिरले होते.

“चोरी!” हंबीररावांनी जाहीर केले. “जावईबापू, लिहून घ्या. चोर सुशिक्षित आहे.”

“कशावरून?”

“अशिक्षित माणूस अक्षरं चोरून करणार काय?”

इंद्रनीलने ‘सुशिक्षित’ असे लिहून घेतले. तेवढ्यात कुशल स्पीकर घेऊन आत आला आणि हंबीररावांनी त्याला दारातच अडवले.

“हॉल कोणाला हवाय? तुला! अक्षरं गेली तर फायदा कोणाचा? तुझा! खिसे दाखव.”

“अरे काका, खिशात अक्षरं राहतात का?” कुशलने हसत हसत खिसे उलटे केले. त्यातून भेळेचा कागद निघाला. हंबीररावांनी तो वास घेऊन पुरावा म्हणून ठेवून घेतला.

मग दुसरा सिद्धांत आला. बडोद्याच्या उन्हाने अक्षरे वितळली असावीत. त्यांनी भिंतीचा तळ बोटाने पुसून पाहिला. शाई लागली नाही, जुना चुना लागला. तिसऱ्या सिद्धांतानुसार अक्षरे प्रोजेक्टरमध्येच अडकली होती. ते भिंग घेऊन प्रोजेक्टरमध्ये डोकावले, तशी त्यांच्या डोक्याची भलीमोठी सावली भिंतीवर पडली आणि अख्खी समिती तिच्याखाली गडप झाली. कुशल पोट धरून खाली बसला. इंद्रनीलने दाराबाहेर जाऊन हसून घेतले.

“बाबा, पुरे ना!” मनाली म्हणाली. “वर्षभर राबलेय मी. आज हॉल नाही मिळाला तर वर्ग बंदच करावा लागेल.”

तेवढ्यात हंबीररावांच्या पत्नी सुनंदाबाई चहाचा थर्मास घेऊन आल्या. त्यांनी आधी भिंतीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे.

“अहो, तुम्ही अजून काही सांगितलं नाही तिला?”

“काय सांगायचं?”

“मने, तू समितीच्या ग्रुपवर फाइलची लिंक पाठवलीस ना, काही सुधारायचं असल्यास सुधारा म्हणून? काल यांनी ती फोनवर उघडली. म्हणाले, पोरीनं मला जिवंतपणी फिकट केलंय, आता फक्त हार घालायचा बाकी आहे! बसले रंग चढवत. आज जेवण झाल्यावर पुन्हा तेच.”

मनालीने कपाळाला हात लावला. “बाबा, अक्षरं वाचता यावीत म्हणूनच फिकट केला होता तो फोटो!”

“मी अक्षराला हातही लावलेला नाही,” हंबीरराव कळवळून म्हणाले. “मी फक्त समितीची अब्रू वाचवली. आणि त्या फोटोत माझा फेटा पहिल्यांदाच नीट बसलाय गं.”

हंबीररावांनी मुलीच्या डोळ्यांतले पाणी पाहिले, एकदा आपला केशरी फेटा पाहिला आणि लॅपटॉपपाशी बसले. “कुठून करायचं फिकट, दाखव.”

त्यांनी स्वतःच्या बोटाने फोटो फिकट करत नेला. फेटे, कोट, मिशा, सगळे धुक्यात गेले आणि वर ठसठशीत अक्षरे उभी राहिली: ‘दर रविवारी, मुलांसाठी मराठी.’

संध्याकाळी रघुनाथरावांनी पहिल्याच स्लाइडला हरकत घेतली. “हे काय? आपण सगळे भुतासारखे दिसतोय!”

हंबीरराव ताडकन उठले. “मी दिसतोय का? नाही ना? मग तुम्ही स्वतःला कशाला शोधताय, मुलांचं वाचा!”

मंडळींनी चष्मे लावले. शेवटपर्यंत वाचले. मग एकेक हात वर गेला. कुशलला रविवारची संध्याकाळ मिळाली आणि तोही खुशीत “सरस!” म्हणाला. मनालीने भर सभेत बाबांना मिठी मारली.

घरी जाताना हंबीररावांची छाती पुन्हा फुगली. “पाहिलंत जावईबापू? गुन्हेगार सापडला, कबुली मिळाली आणि मुद्देमाल जसाच्या तसा परत. पोलिसांना जमलं असतं?”

“नसतं जमलं, बाबा,” इंद्रनील म्हणाला. इतक्या यशस्वी तपासात गुन्हेगाराचे नाव काढणे त्याला बरे वाटले नाही.