लाल दिव्याच्या पेटीची बडतर्फी

माणसाला 'हो' म्हणणारी यंत्रं जगात भरपूर आहेत. 'पुरे' म्हणणारं यंत्र मात्र क्वचितच तयार होतं, आणि झालंच तर ते फार दिवस भिंतीवर टिकत नाही.

असं एक यंत्र १९९५ साली पेण तालुक्यातल्या खारआवळीच्या समाजमंदिरात येऊन बसलं. विजेचे खांब वडखळच्या बाजूने निघाले होते खरे, पण खाडीच्या पलीकडेच दमले. म्हणून योजनेतून गावाला सौरसंच मिळाला: छपरावर काळे पत्रे, खाली बॅटऱ्या, दोन ट्यूबलाइट, एक टीव्ही (कृष्णधवल, गावाने त्याला रंगीतच मानलं) आणि सगळ्यांच्या मधोमध वहीएवढी एक पेटी. तिचं नाव चार्ज कंट्रोलर. नाव लांब पडलं, म्हणून नुसतं 'पेटी' म्हणायचं ठरलं.

देखरेख समितीच्या अध्यक्षपदी गुणाजीला बसवलं. निवड चोख होती. गुणाजी उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे खारबांधातलं लाकडी दार; ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खाडीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही. या दाराच्या बाबतीत त्याने सख्ख्या मेव्हण्याचंही ऐकलं नव्हतं. मेव्हण्याला कोळंबीसाठी फळी जराशी वर हवी होती. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे (फळी जागेवर आहे).

त्यामुळे पेटी बसवायला आलेल्या हितेश मेकॅनिकचं काम सोपं झालं. "गुणाजीकाका, ही तुमची उघाडीच समजा," तो म्हणाला. "बॅटरी भरली की वरून येणारा करंट थांबवते, नाहीतर आतलं पाणी उकळून आटतं. फार उतरली की लाल दिवा लावून खालचं सगळं बंद करते. पार रिकामी होईपर्यंत ओढलीत, तर बॅटरी मेली."

"समाजलं," गुणाजी म्हणाला, आणि त्याला खरोखरच समजलं होतं. समजणं आणि पाळणं ही आपल्याकडे पहिल्यापासून दोन वेगळी खाती आहेत, त्यात त्याचा दोष नाही.

शिवाय त्याच्या डोक्यात मुलीचं, रोहिणीचं लग्न होतं. रोह्याजवळच्या वरसे गावातल्या केरूभाऊंचा मुलगा पसंत पडला होता, आणि रोहिणी त्याचं नाव निघालं की उगाच भांडी घासायला बसायची. केरूभाऊ कंपनीत शिफ्टला जाणारे, घरी वीज असलेले. त्यांनी एकच विचारलं होतं, "तुमच्याकडं अंधार असतो म्हनं?" गुणाजी पोरीच्या मायेने बोलून गेला, "लाईट जातच नाय आमच्याकडं." साखरपुडा समाजमंदिरात, दिवेलागणीला ठरला.

आणि नेमका त्याच सुमारास पेटीने गुन्हा केला. शनिवारचा मराठी सिनेमा चालू होता. जत्रेत हरवलेला मुलगा आईसमोर येऊन उभा राहिला, आईने डोळे बारीक केले आणि लाल दिवा लागला. आभाळ दोन दिवस ढगाळ होतं, बॅटरी उतरली होती, सगळं खरं. पण आईने त्याला ओळखलं की नाही हे खारआवळीला आजतागायत ठाऊक नाही. समाजमंदिराची झाडलोट करणारी काशीबाई त्या रात्री जेवली नाही.

सभा भरली. आरोप ठेवण्यात आले. पेटी कुणाला विचारत नाही. बायामाणसं बघत असतानाही बंद करते. सगळ्यांचं बंद करून स्वतःचा लाल दिवा मात्र त्याच बॅटरीवर चालू ठेवते (या मुद्द्यावर तज्ज्ञही निरुत्तर होतील). पेटीला बाजू मांडायची संधी दिली. ती हिरवा दिवा लावून गप्प राहिली, ती कबुली धरण्यात आली.

"सूर्य आपला, बॅटरी आपली," अध्यक्ष म्हणाले, "मंग ही मधली बाय कोन?"

घरी गुणाजीच्या बायकोने, पुतळीने त्याला विचारलं, "अवो, उघाडीची फळी कोनी काढली तर तुमी त्याला खाडीत ढकलाल. मंग ही कशाला काढता?"

"ते पानी हाय गो. ही लाईट हाय," गुणाजीने तांत्रिक खुलासा केला.

पेटी निघाली. तिच्या दोन्ही बाजूंच्या वायरी एकमेकींना पिळून जोडल्या. समाधानाचं प्रमाण थेट शंभर टक्क्यांवर गेलं (मोजणी अध्यक्षांची). दुपारी बॅटऱ्यांतून बुडबुड आवाज यायचा, तेव्हा लोक कौतुकाने म्हणायचे, "भरली गो, चांगली भरली." रात्री टीव्ही आधी पूर्ण चालायचा, मग थोडा कमी, मग बातम्यांपुरता. बॅटरी अजून रुळायची आहे, असं समितीचं मत पडलं. पेटी मानाने कोनाड्यात ठेवली होती. काशीबाईने तिच्यावर समई ठेवायला सुरुवात केली.

साखरपुड्याला वरसेची मंडळी आली, ट्यूब लागल्या, केरूभाऊंनी वर बघून मान डोलावली. रोहिणीला कुंकू लावायला त्यांच्या बायकोने बोट पुढे केलं आणि ट्यूब पिवळी झाली, टोकांना लाल झाली, गेली. सूचना द्यायला मधे कुणी उरलंच नव्हतं. आपल्या जिभेपायी पोरीचं वाटोळं झालं, असं गुणाजीला वाटलं.

पुतळीने चाचपडत कोनाड्यातली समई लावली. अशा रीतीने त्या संध्याकाळचा सगळा उजेड पेटीवरूनच आला.

"लाईट जातच नाय म्हनालात," केरूभाऊ म्हणाले.

आता खोटं बोलायलाही त्राण नव्हतं. "मधी एक पेटी होती," गुणाजी म्हणाला. "सारखी बंद करायची. मी काढून टाकली."

केरूभाऊ समईजवळ सरकले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"व्हय? आमच्याकडं फ्यूज सारखा उडायचा. मीबी बारीक तार काढली आनि सायकलचा स्पोक टाकला. तवापासून नाय उडला. मागच्या महिन्यात मीटरचा बोर्ड जळला, अर्धी भिंत काळी झाली, पन फ्यूज बघा, शाबूत."

दोघे व्याही कडकडून भेटले. घराणं जुळलं, आणखी काय बघायचं? समईच्या उजेडात कुंकू लागलं आणि रोहिणी पहिल्यांदाच उघड हसली.

लग्न वैशाखात झालं. पुढे नव्या बॅटऱ्या आल्या, नवी पेटीही आली. तिला भिंतीवर त्रास न देता सरळ कोनाड्यात ठेवलं, आणि काशीबाईने दुसरी समई आणली.

वाचकांना हसू आलं असेल तर बेलाशक हसावं. फक्त त्याआधी उठून आपल्या घरातला फ्यूज काढून आत कोणती तार आहे ते बघावं. बारीक असेल तर परत येऊन हसावं. जाड निघाली तर खारआवळीला कळवावं. गावात लग्नाची मुलं-मुली अजून आहेत, आणि आम्ही पत्रिका बघत नाही.